मेरी लॅम्ब : घर आणि इस्पितळ यांच्या वाटेवरची पन्नास वर्षे

'टेल्स फ्रॉम शेक्सपियर' हे पुस्तक ठाऊक नाही असा इंग्रजी शिकलेला वाचक विरळाच. दोनशे वर्षांहून अधिक काळ जगभरातील मुले शेक्सपियरच्या नाटकांची पहिली ओळख याच पुस्तकातून करून घेत आली आहेत. महाराष्ट्रातील अनेक घरांत आणि शाळांतही ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. पुस्तकावर चार्ल्स लॅम्ब आणि मेरी लॅम्ब अशी दोन नावे असतात. चार्ल्स हा इंग्रजीतील थोर ललित निबंधकार म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. मेरी ही त्याची बहीण, एवढेच बहुतेकांना माहीत असते. या पुस्तकातील वीस कथांपैकी चौदा एकट्या मेरीने लिहिल्या आहेत. त्या लिहिताना वर्षातले काही आठवडे, कधी काही महिने ती वेड्यांच्या इस्पितळात काढत होती आणि बरी झाली की घरी परतून पुन्हा लेखणी हाती घेत होती. तिचा आजार कधीच कायमचा बरा झाला नाही. तरीही तिने आयुष्याची बहुतेक वर्षे चार भिंतींच्या कोठडीत न काढता आपल्या माणसांत, आपल्या घरात काढली. हे कसे घडले आणि त्यासाठी कोणी काय किंमत मोजली, याची कहाणी तिच्या पुस्तकांइतकीच वाचण्यासारखी आहे.

मेरीचा जन्म ३ डिसेंबर १७६४ रोजी लंडनमध्ये, वकिलांच्या वस्तीत म्हणजे इनर टेंपलमध्ये झाला. वडील जॉन लॅम्ब हे सॅम्युअल सॉल्ट नावाच्या ज्येष्ठ वकिलाचे कारकून आणि नोकरही होते. आई एलिझाबेथ त्याच घराचा कारभार पाही. सात अपत्यांपैकी तिघेच जगली : थोरला जॉन, मधली मेरी आणि तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा चार्ल्स. मेरीचे शाळेतील शिक्षण थोडकेच झाले, परंतु सॉल्ट यांचा ग्रंथसंग्रह तिला मोकळा होता. त्या कपाटांपुढे बसून तिने जे वाचले, तीच तिची खरी शाळा. धाकट्या भावाला तिनेच सांभाळले आणि अक्षरओळखही तिनेच करून दिली.

१७९२ मध्ये सॉल्ट यांचे निधन झाले आणि लॅम्ब कुटुंबाचे छत्र हरपले. राहते घर सोडावे लागले. त्याच वर्षी सतरा वर्षांचा चार्ल्स लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेबनीसांच्या खात्यात चिकटला. पहिली तीन वर्षे त्याला नियमित पगारही नव्हता. कुटुंब पुढे हॉलबर्नजवळील लिटल क्वीन स्ट्रीटमधल्या भाड्याच्या जागेत राहू लागले. वडिलांची स्मृती आणि समज हळूहळू ढासळत चालली होती. आईला अंथरूण सोडणे अशक्य झाले होते. म्हातारी आत्याही त्यांच्याजवळच राहत होती. थोरला भाऊ जॉन बऱ्या नोकरीत होता, पण वेगळा राहत होता. घरात हिंडतीफिरती म्हणता येईल अशी मेरीच. ती दिवसा बायकांचे कपडे शिवून चार पैसे मिळवी. हाताखाली एक शिकाऊ मुलगी होती. रात्री ती आईजवळ निजे आणि तिची उठबस करी. स्वतः चार्ल्सनेही १७९५च्या अखेरीस मनाचा तोल गेल्याने हॉक्स्टनच्या एका इस्पितळात सहा आठवडे काढले होते. घरात मनोविकाराची छाया होती आणि मेरीलाही त्याआधी एकदा त्रास होऊन गेला होता.

१७९६च्या सप्टेंबरमध्ये तिचे चित्त पुन्हा थाऱ्यावर नाहीसे झाले. २२ तारखेला सकाळी चार्ल्स डॉक्टरांना बोलावण्यासाठी गेला, परंतु त्यांची गाठ पडली नाही. त्याच दिवशी जेवणाची मांडामांड चालू असताना मेरी टेबलावरची सुरी घेऊन शिकाऊ मुलीच्या मागे धावली. आईने तिला आवरण्यासाठी हाक मारली. मेरी वळली आणि तिने आईवरच वार केला. वडिलांच्या कपाळालाही जखम झाली. चार्ल्सने तिच्या हातातून सुरी काढून घेतली, पण तोवर आई गतप्राण झाली होती. मेरी तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि चार्ल्स अवघा एकवीस वर्षांचा.

दुसऱ्या दिवशी कॉरोनरच्या ज्यूरीने हे कृत्य वेडाच्या भरात घडल्याचा निर्णय दिला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा निर्णयानंतर पुढे काय करावे याची निश्चित सरकारी व्यवस्था नव्हती. कुटुंबाने जबाबदारी घेतली तर रोगी त्यांच्या स्वाधीन होऊ शकत असे. मेरीला इस्लिंग्टनमधील एका खासगी इस्पितळात ठेवण्यात आले. थोडक्याच दिवसांत ती शुद्धीवर आली आणि आपल्या हातून काय घडले, हे तिला पूर्णपणे उमगले.

आता तिचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. थोरल्या जॉनच्या मते तिला कायमचे इस्पितळात ठेवणे हाच एक मार्ग होता. कायमचे इस्पितळ म्हणजे काय, हे त्या काळी लंडनमध्ये कोणाला सांगावे लागत नसे. बेथलेम या सर्वांत जुन्या सार्वजनिक इस्पितळात रोग्यांना साखळदंडांनी बांधून ठेवण्याची रीत होती. १८१४ मध्ये तेथे जेम्स नॉरिस नावाचा रोगी वर्षानुवर्षे लोखंडी कड्यांत जखडलेला आढळला आणि पुढच्याच वर्षी संसदेच्या समितीला अशा संस्थांची चौकशी करावी लागली. वेगळ्या वाटेचा विचार मात्र सुरू झाला होता. ज्या १७९६ साली मेरीच्या घरात हे अघटित घडले, त्याच वर्षी यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याच्या पुढाकाराने 'रिट्रीट' ही संस्था उघडली. रोग्याशी माणुसकीने वागावे, त्याला काम आणि मोकळी हवा द्यावी, या विचारावर ती उभी होती. मात्र यॉर्क दूर होते आणि ती संस्था मुख्यतः क्वेकर पंथीयांसाठी होती.

चार्ल्सने थोरल्या भावाचे म्हणणे मानले नाही. त्याने बसून हिशेब केला. सगळ्या मार्गांनी मिळून घरात वर्षाला १७० ते १८० पौंड येणार होते. त्यातून पन्नास-साठ पौंड मेरीच्या देखभालीसाठी बाजूला काढता येतील, म्हणजे तिला स्वतंत्र खोली आणि परिचारिका मिळेल, असे त्याने ठरवले. इस्पितळ चालवणाऱ्या बाई आणि त्यांची मुलगी मेरीशी मायेने वागत होत्या, याचाही त्याला मोठा आधार वाटला. पुढे त्याने आयुष्यभर बहिणीची जबाबदारी घेण्याचे वचन दिले आणि त्या वचनावर मेरीची सुटका झाली.

सुटका झाली तरी ती लगेच घरी आली नाही. भ्रमिष्ट वडील घरात होते. १७९७च्या वसंतात चार्ल्सने तिच्यासाठी हॅकनी येथे खोली घेतली. आठवडाभर तो कचेरीत राबे, संध्याकाळी वडिलांशी पत्ते खेळे आणि रविवार व सुट्ट्या मेरीजवळ घालवी. इस्पितळ आणि घर यांच्या मधला हा टप्पा दोन वर्षे चालला. एप्रिल १७९९ मध्ये वडील वारले, तेव्हा कुठे भाऊ-बहीण एका छपराखाली आले.

त्यापुढचा मार्गही सोपा नव्हता. मे १८०० मध्ये त्यांची वृद्ध मोलकरीण वारली आणि त्या धक्क्याने मेरी पुन्हा आजारी पडली. पेंटनव्हिलच्या घरी लोक कुजबुजू लागले. जागा सोडावी लागली. आपल्यावर जणू शिक्का बसला आहे, जाऊ तेथे ही गोष्ट आपल्या आधी पोहोचते, अशी जाणीव चार्ल्सला झाली. शेवटी एका मित्राने आपल्या घरातील खोल्या देऊ केल्या, सारे ठाऊक असूनही. त्यानंतर ती दोघे टेंपलच्या जुन्या परिसरात परतली आणि १८१७ पर्यंत तेथेच राहिली. आजारी माणसाला घर मिळणे ही उपचाराइतकीच कठीण गोष्ट असते, याचा अनुभव त्यांनी वारंवार घेतला.

त्याच मे महिन्यात लंडनमध्ये आणखी एक घटना घडली. जेम्स हॅडफिल्ड नावाच्या माजी सैनिकाने ड्रुरी लेन नाट्यगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. तो वेडसर ठरला, पण त्याला मोकळे सोडणे सरकारला परवडणारे नव्हते. त्यासाठी घाईने नवा कायदा झाला आणि वेडाच्या भरात गंभीर गुन्हा करणाऱ्याला राजाची मर्जी असेतोवर बंदिस्त ठेवण्याची तरतूद झाली. मेरीची घटना चार वर्षांनी घडली असती, तर भावाचे वचन बहुधा पुरे पडले नसते आणि 'टेल्स फ्रॉम शेक्सपियर' लिहिले जाणेही कठीण होते.

मेरीचा आजार जवळजवळ दरवर्षी उलटत असे. आजचे अनेक अभ्यासक तो 'बायपोलर' म्हणजे द्विध्रुवी मनोविकार असावा असे मानतात. कधी उत्तेजना, अखंड बडबड, निद्रानाश, तर कधी खोल खिन्नता. प्रवास, पाहुण्यांची वर्दळ, कोणाचा मृत्यू, घर बदलणे, यांपैकी काहीही निमित्त पुरे होई. १८२२ मध्ये ती दोघे फ्रान्सला निघाली, तर वाटेत आमियां येथेच तिची प्रकृती बिघडली. मात्र या दोघांनी आजाराची चाहूल ओळखायला शिकून घेतले होते. झोप उडाली, बोलणे भरभर होऊ लागले की मेरी स्वतःच सावध होई. मग चार्ल्स कचेरीतून रजा घेई आणि दोघे पायी इस्पितळाकडे निघत. हात जखडून ठेवणारा जाड कापडाचा अंगरखा ती प्रवासात बरोबरच बाळगत. चार्ल्स लॉइड या त्यांच्या मित्राला ती दोघे एकदा शेतातल्या पायवाटेने हॉक्स्टनच्या दिशेने जाताना भेटली होती. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होते. मेरीला कोणी ओढून नेत नव्हते. ती आपल्या पायांनी, भावाचा हात धरून जात होती. काही आठवड्यांनी त्याच वाटेने परत येता येईल हे तिला ठाऊक होते. या जाण्यायेण्याच्या खात्रीवरच त्यांचे सारे सहजीवन तरले.

मधल्या काळात मेरी रोगी नसे. ती घराची मालकीण, लेखिका आणि मैत्रीण असे. टेंपलमधील त्यांच्या घरी आठवड्यातील एका संध्याकाळी मित्रांची बैठक जमे. कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ, हॅझलिट, गॉडविन अशी मंडळी थंड मांस, बिअर आणि पत्ते यांच्या साथीने रात्र जागवीत. मेरीच्या शांत, नेमक्या बोलण्याला या मंडळींत मान होता. सारा स्टॉडार्ट या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिने आपल्या आणि भावाच्या खिन्नतेबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. एकाला दुसऱ्याच्या उदासीची लागण कशी होते आणि ती टाळण्यासाठी किती जपावे लागते, हे तिने सांगितले आहे. चार्ल्सला मद्याचे व्यसन होते. त्याला सावरण्याचे काम मेरीचेच होते. सांभाळणारा एक आणि सांभाळली जाणारी दुसरी, अशी या घरात सरळ वाटणी नव्हती.

१८०७ मध्ये गॉडविन दांपत्याच्या बालसाहित्य प्रकाशनासाठी 'टेल्स फ्रॉम शेक्सपियर' तयार झाले. सुखात्मिका मेरीने आणि सहा शोकात्मिका चार्ल्सने कथारूपात लिहिल्या. मोबदला साठ गिनी मिळाला. मुखपृष्ठावर मात्र एकट्या चार्ल्सचे नाव छापले गेले. मेरीचे नाव त्यावर आले ते १८३८च्या आवृत्तीत. १८०९ सालच्या 'मिसेस लीसेस्टर्स स्कूल' या पुस्तकातील दहापैकी सात गोष्टी तिच्या आहेत. नव्या शाळेत आलेल्या मुली आपापले आयुष्य सांगतात, अशी त्याची कल्पना. पहिल्याच गोष्टीतील मुलगी आईच्या थडग्यावर कोरलेली अक्षरे गिरवून वाचायला शिकते. मुलीचे आणि तिच्या दिवंगत आईचे नाव एकच आहे, एलिझाबेथ. मेरीच्या आईचे नावही तेच होते.

१८१५ मध्ये तिने शिवणकामावर एक लेख टोपणनावाने प्रसिद्ध केला. मध्यमवर्गीय स्त्रिया घरी फुकट शिवणकाम करीत बसतात, त्याने त्यांना फुरसत उरत नाही आणि ज्या बायका सुईवर पोट भरतात त्यांची रोजी बुडते, असा तिचा युक्तिवाद होता. लिटल क्वीन स्ट्रीटमध्ये दिवसरात्र सुई चालवणाऱ्या बाईचाच हा अनुभव होता. हा लेख लिहिण्याचा ताण तिला फार झाला आणि लवकरच ती पुन्हा आजारी पडली. पुढे तिने छापण्यासाठी फारसे लिहिले नाही, पण शिकवणे सोडले नाही. स्वतः कष्टाने शिकलेली लॅटिन भाषा तिने मित्रांच्या मुलांना शिकवली. त्यांतलीच मेरी व्हिक्टोरिया नोव्हेलो पुढे काउडन क्लार्क या आडनावाने शेक्सपियरच्या शब्दसूचीची कर्ती म्हणून प्रसिद्ध झाली. एमा इसोला ही अनाथ मुलगी तर त्यांनी घरीच वाढवली. वेडाचा शिक्का बसलेल्या बाईच्या हाती मित्रांनी आपली मुले विश्वासाने सोपवली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

या साऱ्याचा भार चार्ल्सने तेहेतीस वर्षे कंपनीच्या खातेवह्या लिहून पेलला. हिंदुस्थान आणि चीनकडच्या व्यापाराचे आकडे मांडून मिळणाऱ्या पगारातून लंडनमधल्या एका रुग्णाची खोली, परिचारिका आणि औषधे चालत होती. त्याने लग्न केले नाही. १८१९ मध्ये फॅनी केली या अभिनेत्रीला त्याने मागणी घातली होती. मेरीसह आपला स्वीकार करावा, अशी त्याची इच्छा होती. फॅनीने नकार दिला, परंतु मैत्री टिकवली. पुढच्याच वर्षापासून 'एलिया' या टोपणनावाने त्याचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत ब्रिजेट या नावाने वावरणारी बहीण म्हणजे मेरीच. १८२५ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा आपल्यामागे बहिणीची सोय व्हावी म्हणून निवृत्तिवेतनातून दरवर्षी काही रक्कम कापून घेण्याची व्यवस्था करण्यात आली.

वय वाढले तसे मेरीचे आजाराचे काळ लांबत गेले. दरवेळी घर आणि इस्पितळ यांत ने-आण करणे तिला सोसेना. तेव्हा १८३३ मध्ये चार्ल्सने शेवटचा निर्णय घेतला. एडमंटन येथे एक दांपत्य आपल्या घरात मनोरुग्णांची देखभाल करीत असे. भाऊ-बहीण दोघेही तेथेच राहायला गेले. बहिणीला इस्पितळात पाठवण्याऐवजी तो स्वतःच तिच्या इस्पितळात राहू लागला. त्याच वर्षी एमाचे लग्न झाले आणि घर आणखी सुने झाले.

डिसेंबर १८३४ मध्ये चार्ल्स रस्त्यात पडला. चेहऱ्याला झालेली किरकोळ जखम चिघळली आणि २७ डिसेंबरला त्याचे निधन झाले. मेरी त्या वेळी आजाराच्या भरात होती. काय घडले आहे, हे तिच्या मनापर्यंत नीट पोहोचलेच नाही. दहा वर्षांनी धाकटा भाऊ आधी गेला. अशा प्रत्येक घरात उघडपणे किंवा मनातल्या मनात विचारला जाणारा, आपल्यामागे हिचे काय, हा प्रश्न आता प्रत्यक्ष उभा ठाकला.

उत्तर चार्ल्सने देऊन ठेवले होते. त्याची बचत मेरीच्या नावे होती. तिचा सांभाळ करण्यासाठी विश्वासू मित्र नेमलेले होते. कंपनीकडूनही तिला वेतन मिळत राहिले. काही वर्षे ती एडमंटनलाच राहिली. बरी असे तेव्हा संध्याकाळी भावाच्या थडग्याकडे फेरी मारी. पुढे लंडनमध्ये सेंट जॉन्स वुड येथे एका परिचारिकेच्या घरी तिची सोय करण्यात आली. जुने मित्र तिला भेटायला येत आणि तीही त्यांच्याकडे जाई. भावामागे बारा वर्षांहून अधिक काळ ती अशी जगली. २० मे १८४७ रोजी वयाच्या ८२व्या वर्षी तिचा अंत झाला. एडमंटनच्या चर्चच्या आवारात, चार्ल्सच्याच थडग्यात तिला विसावा मिळाला. तिच्या हयातीत मित्रांनी १७९६च्या घटनेबद्दल जाहीर मौन पाळले. ती हकीकत सर्वसामान्य वाचकांसमोर सविस्तर आली १८४८ मध्ये.

मेरीला जे लाभले ते दैवाने. असा भाऊ, बेताचा पण नियमित पगार, समजूतदार मित्र आणि मायेने वागणारी इस्पितळातील माणसे यांपैकी एक जरी नसते, तर ती त्या काळातील असंख्य अनाम स्त्रियांप्रमाणे कोठडीत संपली असती. जे तिला एका माणसाच्या वचनामुळे मिळाले, ते पुढे कायद्याच्या भाषेत यायला फार काळ जावा लागला. भारतात २०१७ साली मंजूर झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाचा समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही इस्पितळात ठेवता येणार नाही, असे तो सांगतो. आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणी आपल्या वतीने निर्णय घ्यावा, हे आधीच लिहून ठेवण्याची मुभाही तो देतो. चाहूल लागताच स्वतः वाट धरणाऱ्या मेरीला ही तरतूद अनोळखी वाटली नसती. मात्र इस्पितळातून बाहेर पडलेल्या माणसासाठी हॅकनीतल्या त्या खोलीसारखी मधली जागा, भाड्याने घर देणारा कोणी आणि विश्वासाने काम सोपवणारा कोणी लागतो. कायद्याने हक्क दिला तरी या गोष्टी कोणाला तरी उभ्या कराव्याच लागतात. त्या उभ्या राहिल्या नाहीत, तर आजही सारा भार कुठल्या तरी घरातल्या एखाद्या चार्ल्सवरच येऊन पडतो.